धानी म्हणजे कोणता रंग

भर दुपारी केळीच्या बागेत आत शिरून उभं राहिलं की आपले हात आपले राहत नाहीत. वर पानांचं दाट छत, त्यातून गाळून आलेलं ऊन, आणि त्या उन्हाला ना धड हिरवं म्हणता येतं ना धड पिवळं. तळहात, परकराची किनार, पाटाचं पाणी, सगळं त्या एकाच रंगात बुडून जातं. बुऱ्हाणपूरकडच्या शाहपूरजवळ माझं आजोळ. लहानपणी सुट्टीत गेले की मी तिथं कितीतरी वेळ नुसती उभी राहायचे. कुणी हाक मारली तरी ओ द्यावीशी वाटायची नाही. बाहेर आल्यावर हात पुन्हा साधे सावळे दिसायचे आणि उगाच कुणीतरी फसवल्यासारखं वाटायचं.

त्या रंगाला माझी आई धानी म्हणते. तिच्या तोंडून तो शब्द मी इतक्यांदा ऐकला आहे की कितीतरी वर्षं मला वाटायचं, हा शब्द आमच्याच घरचा आहे, बाहेर कुणाला ठाऊक नसणार.

मी शाळेत हिंदी शिकवते. घरात मराठी, वर्गात हिंदी आणि बाजारात दोन्हीची खिचडी, असं आम्हा बुऱ्हाणपूरकरांचं चालतं. त्यातून माझा स्वभाव चुका काढण्याचा. हॉटेलच्या पाटीवर ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं दिसलं की मला घास गोड लागत नाही. नवरा सगळ्यांना सांगत असतो, हिला अंतरपाटाच्या पलीकडून मंगलाष्टकांतही चूक सापडली होती. सापडली होती, खोटं कशाला बोलू. पण एक शब्द असा आहे की त्याची चूक मला कॉलेजपासून ठाऊक होती आणि मी ती कधीच काढली नाही. तो शब्द हाच.

आईचं लग्न होऊन ती शाहपूरकडच्या मळ्यातून शहरात आली, तेव्हा वडिलांनी पहिल्या दिवाळीला तिच्यासाठी एक साडी आणली. वडील कचेरीत नोकरीला होते. बायकांच्या कपड्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, हे ते स्वतःच कौतुकानं सांगायचे. दुकानदार म्हणाला, धानी रंग आहे साहेब, घेऊन जा, घरात भांडण होणार नाही. वडिलांनी आणली. आईनं विचारलं, धानी म्हणजे काय. वडिलांना ठाऊक नव्हतं. त्यांनी खांदे उडवले आणि चहा मागितला.

आता तापीच्या या खोऱ्यात केळी आहे, कापूस आहे, तूर आणि ज्वारी आहे, पण धानाची, म्हणजे भाताची, शेती आईनं जन्मात पाहिलेली नव्हती. तांदूळ तिच्या लेखी किराणा दुकानातून पांढराच यायचा. तेव्हा तिनं आपल्या परीनं अर्थ लावला. त्याच दिवसांत तिनं मसाल्यासाठी नवे धणे निवडायला घेतले होते. आमच्याकडे जिभेवर ण फार वेळ टिकत नाही. पाणी पानी होतं, लोणी लोनी होतं आणि धणे धने. नव्या धण्यांवर एक हिरवट पिवळी झाक असते, जुने झाले की ती तपकिरी होते. आईनं सुपातल्या धण्यांशेजारी साडीचा पदर ठेवून पाहिला. रंग तंतोतंत नाही, पण मन मानेल इतपत जुळला. झालं. धन्यावरून धानी, असं तिनं ठरवून टाकलं आणि सासरी सगळ्यांना सांगूनही टाकलं.

वडिलांना चिडवायला तेवढं पुरलं. ते म्हणायचे, धन्यावरून नाही गं, धन्यावरून. आई विचारायची, म्हणजे वेगळं काय झालं. ते म्हणायचे, धन्यानं आणली म्हणून धानी. जुन्या बायका नवऱ्याला धनी म्हणतात ते. आई लाजून आत जायची, कारण घरात तेव्हा आत्याही होती. चटणीत धणे जास्त पडले तरी वडील तेच काढायचे, धन्याच्या वाट्याला आज नुसते धनेच का. हा विनोद आमच्या घरात इतका वापरला गेला की शेवटी त्याला कुणी हसतही नसे. तरी वडील तो करायचे आणि आई तरीही आत जायची.

खरा अर्थ मला कॉलेजात कोशात सापडला. धानी म्हणजे धानाच्या कोवळ्या रोपाचा रंग. मी तो वाचून गप्प बसले. घरी सांगितलं असतं तर वडिलांचा विनोद आणि आईचं सूप, दोन्ही एकदम निकालात निघाले असते. पुढे नोकरीत एकदा प्रशिक्षणासाठी मध्य प्रदेशाच्या पूर्व टोकाला, बालाघाटकडे जावं लागलं. बसच्या खिडकीपाशी पेंगत होते. मध्येच डोळे उघडले तर दोन्ही बाजूंना, नजर जाईल तिथवर, आईची साडी पसरलेली. वारा आला की ती सगळी एका अंगाला कलायची आणि फिकट व्हायची, वारा थांबला की पुन्हा गडद. शेजारच्या बाईंनी सांगितलं, ये धान है, मॅडम. मला ते ठाऊक होतं, पण ओळख मात्र तेव्हा झाली. ज्याच्याविषयी आयुष्यभर घरात बोलणं ऐकलं, ते माणूस वाटेत अचानक भेटावं तसं झालं. परत येऊन मी आईला बालाघाटचं सगळं सांगितलं, जेवण, पाऊस, खोलीतले डास. शेतं तेवढी सांगितली नाहीत.

तोवर ते सांगणं विनोदापुरतं राहिलं नव्हतं. वडील गेले होते.

आत्याविषयी इथं सांगायला हवं. ती वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर फार थोड्या काळात तिचा नवरा गेला आणि ती परत आमच्याकडे आली. शिवणकाम शिकली, गल्लीच्या टोकाला एक खोली घेतली आणि तिथंच राहू लागली. अख्ख्या मोहल्ल्याचे ब्लाऊज ती शिवते. तिच्या मशीनमागच्या फळीवर दोऱ्यांची रिळं असतात, त्यांत हिरव्या रंगाच्या जेवढ्या छटा आहेत तेवढ्या मला रंगपेटीतही पाहिल्याचं आठवत नाही. दुसऱ्यांसाठी ती दिवसभर हिरवा दोरा ओवते. स्वतःच्या अंगावर तिनं हिरवं कधी येऊ दिलं नाही. सवाष्णीचा रंग, आपला नाही, एवढंच तिला लहान वयात सांगितलं गेलं आणि ती ते पाळत आली. तिच्यावर कुणी पहारा ठेवला नव्हता. तिची तीच पाळत आली.

वडील गेल्यावर आईचं कपाट आत्यानंच उघडलं. रडत रडतच उघडलं. तिच्या मनात कपट नव्हतं. जे तिच्या वाट्याला आलं तेच आता भावजयीच्या वाट्याला आलं, आणि ते कसं करायचं हे घरात फक्त तिलाच ठाऊक होतं. हिरव्या साड्या एका बाजूला, बाकीच्या दुसऱ्या बाजूला. मी दाराशी उभी होते. माझ्या जिभेवर बरंच काही होतं, पण आई भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि मला तिच्यादेखत भांडण करवेना. मग ती दिवाळीची साडी हातात आली आणि आत्या थबकली. कितीतरी दिवसांनी आई तेव्हा पहिल्यांदा बोलली.

"ती हिरवी नाही, बाई. धन्याच्या रंगाची हाये."

नणंदेला आई बाईच म्हणते. आत्यानं साडी खिडकीपाशी नेली, उजेडात पाहिली आणि बाकीच्या साड्यांच्या बाजूला ठेवली. धणे वाळलेले असतात. वाळलेल्या वस्तूचा रंग विधवेला चालतो, असा काहीतरी हिशेब तिनं मनात केला असणार. त्या एका साडीवर आईनं मग कितीतरी वर्षं काढली. सण आला की धानी. कुणाचं बारसं असलं की धानी. मावा जलेबी आणायला चौकात जायचं असलं तरी कधी कधी धानी. मी तिच्याकडे पाहायचे आणि बालाघाटची शेतं डोळ्यांपुढे यायची. कोश उघडून दाखवायची हिंमत माझ्यात नव्हती आणि इच्छा तर त्याहून नव्हती. रंगाला नाव ठेवणारे कोण कुठले, आणि तो रंग नेसणारीला नावं ठेवणारे मात्र शेजारीच राहतात. शब्द चुकीचा होता, पण आईला नेसायला तो पुरत होता.

शेवटी साडीच थकली. घडीवर विरली, मग निऱ्यांवर. यंदा भावाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ती नेसण्याच्या पलीकडे गेली होती.

माझी ही भाची आताच्या पिढीची. मला हिंदीत बुआ म्हणते, आजीशी मराठीत सुरू करते आणि वाक्य हिंदीत संपवते. तिनं फर्मान काढलं की हळदीला घरातल्या सगळ्या बायकांनी पिवळं नाहीतर पिस्ता नेसायचं, फोटो चांगले येतात. आजीनं पिस्ता. आईनं विचारलं, पिस्ता म्हणजे कोणता. भाचीनं फोनवर दाखवला. आईचा चेहरा उजळला. अगं हा तर धानी, ती म्हणाली.

आम्ही चौघी शनवारा दरवाजाकडच्या एका दुकानात गेलो. आई, आत्या, भाची आणि मी. पांढऱ्या गादीवर बसून दुकानदारानं साड्या उलगडायला सुरुवात केली आणि पाचसहा घड्यांनंतर ती आली. मला एकदम आजोळच्या बागेतली दुपार आठवली, ते गाळलेलं ऊन, ते परके हात. आईनं पदर हातात घेतला आणि हळूच म्हणाली, धानी. दुकानदार खूश झाला. म्हणाला, माँजी, आता धानी म्हणणारे राहिलेत कुठे, सगळे पिस्ताच मागतात. आत्यानं कापड दोन बोटांत धरून पाहिलं आणि मान डोलावली. धन्याचा रंग, वयनीला चालतो, असं तिनं दुकानदाराला सांगितलंही. वहिनीला ती वयनी म्हणते.

भाचीला हसू आलं. तिच्या मनात काही नव्हतं. बोटाखाली फोन होता, तिनं पाहिलं आणि वाचून दाखवलं, आत्याआजी, धानी मतलब धान का रंग, वो चावल का खेत होता है ना, एकदम ग्रीन. आणि वर मला म्हणाली, बुआ, तू तो हिंदी पढ़ाती है, बता ना.

आत्या माझ्याकडे वळली.

"तू शिकेल हायेस. तू सांग. धानी म्हंजे काय?"

जन्मभर मी या प्रश्नाची वाट पाहिली नव्हती, तो टाळला होता. आता तो समोर येऊन बसला. मी म्हणाले, काही लोक असं म्हणतात, काही तसं, शब्दांचं काही खरं नसतं. वर्गात कुणी मला असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला उभं केलं असतं. आत्याला ते कळलं. माझं तोंडच इतकं गोरंमोरं झालं असेल की उत्तराची गरज राहिली नाही. म्हंजे हिरवीच ना, ती म्हणाली. दुकानदारानं चटकन सावरलं, म्हणाला, पिस्ता म्हणा ना माँजी, पिस्ता तर सुका मेवा आहे. बिचाऱ्यानं चांगली वाट काढून दिली होती. आईनं नुसतं हो म्हणायचं बाकी होतं.

आईनं पदर मांडीवर पसरला आणि त्यावरून हात फिरवला.

"हिरवी हाये ती," आई म्हणाली. "मले दिसते. मले हिरवीच पायजे."

आत्या उठली. रागावून नाही. शिवायचं बरंच पडलंय, एवढं म्हणून तिनं चपला घातल्या आणि रिक्षा करून निघून गेली. भाची एवढीशी झाली, मी काय चुकीचं बोलले, असं मला पुन्हा पुन्हा विचारत राहिली. काही नाही, मी म्हणाले. ती बरोबरच बोलली होती.

घरी जायच्या आधी आईला तापीवरच्या राजघाटावर जायचं होतं. भाचीला पुढं पाठवून आम्ही दोघी गेलो. संध्याकाळ व्हायला आली होती. तापीला पाणी कमी होतं आणि संथ होतं, पलीकडच्या काठाचं हिरवं आणि आभाळाचं पिवळं त्यात एकमेकांत मिसळत होतं. पायरीवर साडीचं पाकीट मांडीवर घेऊन आई बसली. मी तिच्याशेजारी बसले आणि मनातल्या मनात भाषणाची तयारी केली, की या रंगात वाईट काय आहे, आता कोण पाळतं, तू खुशाल नेस. त्याची वेळ आली नाही. आईच बोलली. आत्यानं एवढी वर्षं हिरवं खरोखरच सोडलं, आणि मी मात्र शब्दाच्या आडून नेसत राहिले, असं ती म्हणाली. मी विचारलं, म्हणजे तुला ठाऊक होतं का, धानी हिरवाच आहे म्हणून.

"ठाऊक व्हतं का नव्हतं, ते मलेच ठाऊक नाही," ती म्हणाली. "डोये तं हायेत ना मले. पन धने म्हनलं का हात पुढं व्हायचा."

मग तिनं पाकीट उघडून साडीतलं ब्लाऊजचं कापड चाचपलं आणि आपलं ठरलेलं सांगितलं. हे कापड आत्याकडे पाठवायचं. तिनं शिवून दिलं तर हळदीला ही साडी नेसणार. नाही शिवलं तर कपाटात राहील, आणि त्यावर घरात कुणी अवाक्षर काढायचं नाही. मी वाद घालायला गेले, दुसरीकडून शिवून आणते म्हणाले. आई पाण्याकडे बघत राहिली. तिचे ब्लाऊज आजवर दुसऱ्या कुणी शिवले नव्हते.

कापड भाचीच्या हातून गेलं. आत्यानं ते ठेवून घेतलं. दिवस जाऊ लागले. घरात पाहुण्यांच्या याद्या, केळीच्या खांबांची चौकशी, मांडववाल्याशी हुज्जत, सगळं सुरू होतं. आई कामं करायची आणि दारात कुणाची चाहूल लागली की मान वर करायची. मला तिचा राग यायला लागला, आत्याचाही आला, आणि धानाचा तर फारच आला. उगवायचंच होतं तर इकडे उगवायचं होतं, म्हणजे पहिल्याच दिवाळीला काय तो निकाल लागला असता.

न राहवून मी आत्याच्या खोलीवर गेले. निमित्त फॉलबिडिंगचं केलं. कापड मशीनशेजारी घडी करून ठेवलेलं होतं, कात्री लागलेली नव्हती. त्यावर तिनं तीनचार रिळं ठेवून पाहिली असावीत, ती तशीच होती, एक पिवळट, एक पोपटी, एक त्याहून फिकट. मी बसले. तिनं फॉल हातात घेतला, सुई ओवली आणि मला विचारलं, तू ते धान पाहिलं आहेस का कधी.

आईला जे सांगितलं नव्हतं ते मी तिला सांगितलं. बसची खिडकी, दोन्हीकडची शेतं, वारा आला की फिकट होणारी आणि थांबला की गडद होणारी. खाली पाणी असतं आणि त्या पाण्यात आभाळ असतं, तेही सांगितलं. आत्यानं डोळे मिटले होते, सुई बोटांत तशीच. मला वाटलं झोप लागली. मग तिनं डोळे न उघडताच विचारलं, केळीच्या नव्या पानासारखं असतं का. मी म्हणाले, हो, उन्हात धरलेल्या नव्या पानासारखं.

"माझीबी व्हती एक तशी," ती म्हणाली. "लई नेसली नाही. घडी मोडली आन् ठेवली."

ती साडी कुठे आहे हे मी विचारलं नाही. या बाईवर मी मनातल्या मनात किती दिवस चिडून होते, आणि ती मात्र इथं बसून त्या रंगाची रिळं एकेक करून लावून पाहत होती. मी उठले तेव्हा तिनं फॉल लावलेली साडी माझ्या हातात दिली आणि ब्लाऊजविषयी एक शब्द काढला नाही. घरी येऊन मी आईला काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

हळदीचा दिवस उजाडला. दारात मांडव, त्याला केळीचे खांब, वर कापडाचं पिवळं छत. ऊन चढलं तसा मांडवातला उजेड बदलला आणि आत बसलेल्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवर तो रंग उतरला, तो आजोळचा. मी क्षणभर कामं विसरून तशीच उभी राहिले. पिवळ्या साड्यांची झुंबड होती. आई आतल्या खोलीत जुनी बदामी सुती साडी नेसून पाट पुसत बसली होती. नवी साडी पलंगावर घडीत होती. भाची दोनदा येऊन आजीकडे पाहून गेली.

आत्या आली तेव्हा हळद कालवून झाली होती. काखेत कापडी पिशवी होती. तिनं ती आईच्या पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, दंडात जरा सैल ठेवलंय, गरमीचे दिवस आहेत. आईनं पिशवीतून ब्लाऊज काढला, उलटा करून आतली शिवण पाहिली, जशी ती नेहमी पाहते. दोरा कुठे दिसतच नव्हता, इतका कापडाच्या रंगात मिसळला होता. मी दार लावून घेतलं. आत्यानंच आईच्या निऱ्या धरल्या. आत्या एवढंच म्हणाली, हात वर कर.

आम्ही बाहेर आलो तशा मांडवातल्या माना आमच्याकडे वळल्या. भाची धावत आली, आजीच्या गालाला हळद लावून गेली. सगळं छान चाललं होतं. मग रावेरकडून आलेल्या एका पाहुणीनं, जरा मोठ्यानंच, शेजारणीला विचारलं, आजीबाईंनी हिरवी नेसली का गं. प्रश्न आईच्या कानावर आला. तिनं मान वळवली, पदर सावरला. ती काय म्हणणार हे मला ठाऊक होतं, दुकानात म्हणाली तेच. तिचे ओठ हललेही.

पण तिच्याआधी आत्या बोलली.

"हिरवी कुठं? धन्याचा रंग हाये तो."

पाहुणीनं नीट निरखून पाहिलं आणि मान डोलावली. हो बाई, नव्या धन्याला अशी झाक असते खरी, ती म्हणाली आणि हळदीच्या ताटाकडे वळली.

तिनं धणे ऐकले. आईनं काय ऐकलं ते मला दिसत होतं. गालावरची हळद तशीच ठेवून ती खाली बघत हसली, आणि लाजून आत निघाली, वडील असताना निघायची तशी. आत्यानं तिचा हात धरून तिला मांडवातच बसवलं. मी तिथंच उभी होते, आणि मी काही दुरुस्त करायला गेले नाही.